थर्मनचं जॉन

या गल्लीत राहायला आले तेव्हा पहिले काही महिने माझी अशी समजूत होती की इथे जॉन नावाचा कुणीतरी भलताच कामसू माणूस राहतो. शेजारचा थर्मन गॅस्किन्स सकाळी ट्रकवर शिडी चढवताना ओरडायचा, "ते जॉन धर जरा!" संध्याकाळी पोर्चवर बसून सँडविच खाताना म्हणायचा, "आजचं जॉन झकास झालंय." आणि रविवारी चर्चहून परत आल्यावर टाय सैल करत, "काय लांबवलं आज ते जॉन, बापरे." शेवटी एकदा मी त्याच्या बायकोला, ओडेसाला विचारलं की हा जॉन दिसत कसा नाही कधी? ती पायरीवर बसून पोट धरून हसली.

"शायला, जॉन म्हणजे माणूस नव्हे गं. जॉन म्हणजे ते. ते आपलं... काहीही!"

माझं नाव शैला. तिने शायला केलं ते कायमचं. मी घरीच लोकांचे कपडे उसवून घट्ट-सैल करून देते, त्यामुळे दिवसभर खिडकीशी असते आणि गल्लीत काय बोललं जातं ते कानावर पडतंच. फिलाडेल्फियात हा शब्द कुणी कुणाला शिकवत नाही. पाना, पाव, पार्टी, गाडी, गाणं, दुखरा दात, शेजारणीची नवी पर्स, सगळं जॉन. एक असलं तरी जॉन, दहा असली तरी जॉन. आपल्याकडे "अगं, ते हे दे ना" म्हणतात आणि समोरची बाई नेमकं तेच उचलून देते, तसंच. अट एवढीच की ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. नाही कळलं तर त्याने विचारायचं, "कुठलं जॉन?" आणि मग बोलणाऱ्याने मुकाट्याने नाव सांगायचं.

थर्मनला नावं येत नव्हती असं मुळीच नाही. याच भागात दोन गल्ल्या पलीकडे तो जन्मला. वडील छपरं दुरुस्त करायचे, तोही तेच करू लागला. एकमेकांना चिकटलेल्या आमच्या घरांची छपरं सपाट. उन्हात ती फुगतात, हिवाळ्यात तडकतात. या भागातल्या निम्म्या घरांवर तरी थर्मनच्या हातचं डांबर असेल. नव्या गिऱ्हाइकाशी बोलताना तो प्रत्येक गोष्टीचं नाव नीट घ्यायचा. आपल्या माणसांत आला की सगळ्याचं जॉन व्हायचं. ओडेसा चिडायची. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिथे मुलांनी नुसतं बोट दाखवून "ते जॉन द्या" म्हटलं तर ती पळी वर धरून थांबते.

"नाव सांग. भाजीला नाव आहे की नाही?"

थर्मन म्हणायचा, "नावं परक्यांसाठी असतात, ओडेसा. घरच्यांना जॉन पुरतं."

मी सांगतेय त्या वर्षी उन्हाळ्यात त्याचं डोकं दुखायला लागलं होतं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या होत्या, त्या तो आठवण झाली तर घ्यायचा. साठी उलटलेला माणूस, भर उन्हात छपरावर, हातात डांबर वितळवायची पेटती मशाल. ओडेसाचं म्हणणं होतं की आता खाली राहून ऑर्विलला काम सांग. ऑर्विल तिचा धाकटा भाऊ, बरीच वर्षं थर्मनच्या हाताखाली. यावरून त्यांची रोज वादावादी व्हायची आणि भिंत सामायिक असल्यामुळे ती मला रोज ऐकू यायची.

जूनमधल्या त्या शुक्रवारी सकाळी मात्र भिंतीपलीकडून एकट्या ओडेसाचाच आवाज येत होता. मग त्यांचं दार आपटलं, ट्रक सुरू झाला आणि गेला.

छपरावर जे घडलं ते मला ऑर्विलने सांगितलं. एकदा नव्हे, कितीतरी वेळा. त्याला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नसे.

तो परस्पर कामावर पोचला होता. थर्मन आधीच वर चढून डांबरी चादरीच्या गुंडाळ्या उलगडत होता. रेडिओ मोठ्याने लागलेला. दोघे अशा वेळी फार बोलत नाहीत, हातालाच सगळं ठाऊक असतं. गॅसच्या सिलिंडरला जोडलेली लांब दांडी असते, तिच्या तोंडाशी भडका पेटतो. त्या मशालीने चादरीची खालची बाजू वितळवायची आणि पायाने दाबत पुढे जायचं. मशाल थर्मनच्या हातात.

"ते जॉन दे," थर्मन म्हणाला.

ऑर्विलने डांबर पसरायची कर्णी दिली. थर्मनने ती हातात घेऊन बघितली आणि खाली ठेवली. "ते नाही. ते जॉन."

ऑर्विलने पाण्याची बाटली दिली. तीही खाली.

"कुठलं जॉन, म्हाताऱ्या? ऊन लागलं काय?"

थर्मनने तोंड उघडलं. थोडा वेळ काहीच आलं नाही. मग म्हणाला, "जॉनचं... जॉन. जॉन बंद कर."

ऑर्विलने रेडिओ बंद केला आणि हसत मागे वळला. तेव्हा त्याला दिसलं की मशाल थर्मनच्या हातात नाहीये. ती कठड्याशी आडवी पडलीय, भडका चालू आहे आणि शेजारच्या गुंडाळीच्या कडेतून काळा धूर निघतोय. थर्मन डाव्या हाताने तिकडे दाखवत होता. उजवा हात नुसताच लोंबत होता.

"जॉन! जॉन! जॉन!"

ऑर्विलने झेप घेऊन सिलिंडरची चावी फिरवली, पेटलेली कड बुटाने चिरडली, बाटलीतलं पाणी ओतलं. शिव्या देत तो वळला, कारण अशी चूक थर्मनच्या हातून त्याने कधी पाहिली नव्हती. थर्मन स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. तो हात कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखा.

"थर्म, इकडे बघ," ऑर्विलने हातोडी वर धरली. "हे काय आहे?"

"जॉन."

"चेष्टा नको. नाव सांग."

"जॉन."

हातमोजा धरला. "जॉन." आपल्या छातीवर हात ठेवून ऑर्विलने विचारलं, "मी कोण? माझं नाव काय?"

थर्मन त्याच्याकडे बघत राहिला. डोळ्यांत ओळख पुरेपूर होती, असं ऑर्विल सांगतो. ओठ हलले, थांबले, परत हलले. डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून निघालं, "जॉन."

ऑर्विल पेटत्या मशालीने घाबरला नव्हता, तो या एका शब्दाने घाबरला. त्याने फोन लावला. थर्मनला कठड्यापासून लांब ओढून बसवलं आणि अग्निशामक दलाची माणसं शिडी लावून येईपर्यंत त्याच्या पट्ट्यात हात अडकवून तसाच धरून ठेवला, कारण थर्मन पुन्हापुन्हा उठून शिडीकडे जायला बघत होता.

रुग्णवाहिकेतल्या पोराला आधी गंमत वाटली. "काय म्हणता काका? कुठलं जॉन?" ऑर्विल त्याच्यावर इतक्या जोराने ओरडला की त्या पोराने एकदा थर्मनच्या तोंडाची वाकडी झालेली कड पाहिली, आणि मग भोंगा वाजवत गाडी पळवली.

ओडेसा शाळेतून ॲप्रनवरच धावत पोचली. आत थर्मनच्या डोक्याचा फोटो काढून झाला होता. डॉक्टर होत्या लिंडग्रेन नावाच्या, तरुण, पार मिनेसोटाकडच्या, या शहरात नव्याने आलेल्या.

"तुमचे पती सारखं जॉनला बोलावतायत," त्या म्हणाल्या. "जॉन कोण? मुलगा का? त्याला बोलवून घ्या."

"जॉन कुणी नाही, डॉक्टर," ओडेसा म्हणाली. "जॉन म्हणजे वस्तू. म्हणजे काहीही. इथे बोलतात तसं."

डॉक्टर एकदम भरभर बोलू लागल्या. मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे. विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते झटका आल्यापासून ठरावीक तासांच्या आत दिलं तरच. उशीर झालेला असेल आणि तरी दिलं, तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस हातचा जाऊ शकतो. म्हणून एकच गोष्ट नक्की हवी. "हे शेवटचं नीट कधी बोलले? ज्याचा अर्थ लागला असं?"

ऑर्विल म्हणाला, "छपरावर आलो तेव्हा तो नुसता 'हं' म्हणाला होता. मग मधूनमधून जॉन, जॉन. ते तर तो नेहमीच म्हणतो. त्यातलं कुठलं खरं आणि कुठलं आजाराचं, मला कसं कळणार?"

"गाडी चालवत आला ना कामावर?" ओडेसाने विचारलं.

"गाडी हाताच्या सवयीने चालवता येते," डॉक्टर म्हणाल्या. "मला बोलणं हवं. घरातून निघताना काय म्हणाले?"

ओडेसाने आठवून पाहिलं. निघताना तो बोलला होता. ती सिंकशी पाठ करून उभी होती, नळ मुद्दाम मोठा सोडलेला, कारण सकाळभर ती एकटीच भांडली होती, तो नुसता ऐकत बसला होता, आणि आता तिला उत्तर द्यायचं नव्हतं. दारातून त्याचा आवाज आला होता.

"काय म्हणाला?" ऑर्विलने विचारलं.

"म्हणाला... जॉनसाठीचं ते जॉन विसरू नकोस."

"त्याचा अर्थ काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला नाही कळला," ओडेसा म्हणाली. "मी विचारलंच नाही."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मिसेस गॅस्किन्स, त्या वाक्याला अर्थ असेल तर सकाळी ते ठीक होते आणि आपल्याकडे अजून थोडा वेळ आहे. नसेल, तर झटका त्याआधीचा, कदाचित झोपेतला. मग मी इंजेक्शन देऊ शकत नाही."

माझा फोन वाजला तेव्हा मी एका लग्नाच्या कोटाची बाही उसवत होते.

"शायला, माझ्या घरात जा," ओडेसा म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "किल्ली आहे ना? जा आणि फोन चालू ठेव. थर्मनने सकाळी माझ्यासाठी काहीतरी ठेवलंय का बघ."

"काय ठेवलंय?"

"जॉन."

"कुठलं जॉन?"

"तेच तर बघ ना गं!" ती किंचाळली, आणि मग हॉस्पिटलमधलं सगळं तिने धापा टाकत सांगितलं.

मी त्यांच्या घरात शेकडो वेळा गेले असेन. पण ज्याचं नाव माहीत नाही, रूप माहीत नाही, असेल की नसेल तेही माहीत नाही, अशी वस्तू मी जन्मात शोधली नव्हती. स्वयंपाकघरात शिरले. टेबलावर अर्धा कप कॉफी, तिच्यावर साय धरलेली. मी दिसेल ते मोठ्याने सांगू लागले. "मिठाचा डबा. वर्तमानपत्र. त्याचा चष्मा."

"चष्मा नेहमी तिथेच असतो. पुढे."

"गोळ्यांची बाटली."

"भरलेली?"

"भरलेली."

"म्हणजे घेतल्याच नाहीत. पुढे बघ." मी कपाटं उघडली. पीठ, तेलाचे डबे, कागदी पिशव्यांचा ढीग. प्रत्येक वस्तू ते जॉन असू शकत होती आणि कुठलीच नव्हती. मागच्या दाराशी बघितलं. तळघरात उतरले. तिथे रंगाचे डबे, जुना पंखा, ख्रिसमसचं झाड पेटीत. "पंखा?" "नाही." "झाड?" "शायला, जून महिना आहे!" फोनमधून मागे कुणाचे तरी बूट इकडून तिकडे जाताना ऐकू येत होते आणि डॉक्टरबाईंचा आवाज, कुणाला तरी औषध तयार ठेवा, पण फोडू नका म्हणणारा.

वर येऊन मी बाहेरच्या खोलीत उभी राहिले. सोफा, टीव्ही, रेडिएटर, त्यावरची फुलदाणी. सगळं जसंच्या तसं. मला वाटलं, आता हिला सांगावं लागणार की काही नाही. ते वाक्य निरर्थक होतं.

"ओडेसा, इथे सगळं नेहमीचंच आहे गं," मी म्हणाले.

"जिन्यात बघितलंस?"

"जिन्यात कशाला?"

"माझी चर्चची पिशवी तिथे खांबाला टांगते मी. कामावरून आले की ती उचलून तशीच जाते. आज शुक्रवार, चर्चमध्ये मासे तळायचे असतात."

पिशवी होती. पिशवीत ॲप्रन आणि टोपी. मी ती बाजूला सरकवली. मागच्या पायरीवर, भिंतीला टेकवून, हार्डवेअरच्या दुकानाची प्लॅस्टिकची थैली होती.

"एक नळी आहे," मी म्हणाले. "काळी रबरी नळी, नवी. एका टोकाला पितळी चावी."

"बर्नरची," ओडेसा म्हणाली. "चर्चमधल्या मासे तळायच्या बर्नरची. गेल्या शुक्रवारी गॅस गळत होता, मीच कुरकुर केली होती. म्हणजे, बर्नरसाठीची नळी विसरू नकोस." मग फोन तोंडापासून लांब नेऊन, "डॉक्टर! जॉनसाठीचं जॉन! बर्नरसाठीची नळी! अर्थ होता!"

डॉक्टरांचा प्रश्न मलाही ऐकू आला. "खात्री आहे? ती रात्रीच ठेवलेली असू शकते."

"कधी का ठेवली असेना. सकाळी तो जे बोलला ते खरं होतं. मला कळलं नाही कारण माझी पाठ होती."

"धोका मी सांगितलाय."

"ऐकलाय," ओडेसा म्हणाली. नंतर तिने मला सांगितलं, त्या क्षणी तिला एक भयंकर शंका आली होती. आपल्याला तो वाक्य बोलल्याचं खरंच आठवतंय, की आपल्याला आठवायला हवंय म्हणून आठवतंय? ती शंका तिने गिळली. "द्या," ती म्हणाली.

मी जिन्यात तशीच बसून राहिले, ती नळी मांडीवर घेऊन. संध्याकाळी ती चर्चमध्ये मीच पोचवली.

थर्मन वाचला. रक्तस्राव झाला नाही. उजव्या हातापायात जोर हळूहळू परतला. पण वाचा नाही परतली. म्हणजे एकच शब्द परतला. जाग आली तेव्हा ओडेसाचा हात धरून तो म्हणाला, "जॉन." पाणी हवं तर जॉन, दुखतंय तर जॉन, खिडकी लावा तर जॉन. तुम्ही बोललेलं सगळं त्याला समजायचं. त्याच्या डोक्यात नावं होती, ती बाहेर यायच्या वाटेवर जॉन आडवं पडलेलं होतं.

घरी आल्यावर बोलणं शिकवायला मिस रेनी म्हणून एक बाई यायची. ती चित्रांचे पत्ते मांडायची. कुत्रा, खुर्ची, सफरचंद. थर्मन पत्त्याकडे बघायचा, कपाळाच्या शिरा फुगायच्या, आणि "जॉन". एक दिवस त्याने सगळे पत्ते टेबलावरून उडवले आणि कप भिंतीवर फेकला. मला आवाज ऐकू आला.

त्यानंतर ओडेसाने त्या शब्दाला घरात बंदी घातली. तिचं म्हणणं, ती सोपी वाट बंद केली की दुसऱ्या वाटा उघडतील. गल्लीतल्या सगळ्यांना तिने सांगितलं, मलाही. पोरं त्यांच्या पोर्चसमोरून जाताना गप्प व्हायची. तो एवढा बडबड्या माणूस, ज्याच्याकडे एकच शब्द उरला होता, तोही काढून घेतल्यावर बोलायचाच थांबला. पोर्चवर खुर्चीत बसायचा. कुणी हात हलवला तर मान वळवायचा.

ऑर्विलचं आणि तिचं यावरून कडाक्याचं भांडण झालं.

"त्याच्याकडे एवढंच होतं, ओडेसा! तेवढंही का घेतेस?"

"तू त्या शब्दावर हसलास छपरावर! मीही वर्षानुवर्षं ऐकलं आणि त्या दिवशी ऐकलंच नाही! तो आता जॉन म्हणाला तर मला कसं कळायचं की हे नेहमीचं की झटका परत आलाय?"

ओडेसाची भीती मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजली.

पानगळीच्या सुरुवातीला एका सकाळी ओडेसा माझं दार बडवू लागली. थर्मन अंथरुणात नव्हता, घरात कुठेच नव्हता, ट्रक दारात उभा. आम्ही गल्लीच्या दोन्ही टोकांना बघून आलो. परत घरात शिरताना मला माझ्या डोक्यावर, म्हणजे घराच्या वर, पावलं ऐकू आली. धीमी, एक पाय ओढणारी.

मागच्या अंगणात शिडी लावलेली होती.

ओडेसाने वर पाहिलं. थर्मन छपराच्या अगदी कडेला उकिडवा बसला होता, रात्रीच्या कपड्यांत, डाव्या हाताने कठड्याचा पत्रा चाचपत. मी ऑर्विलला फोन लावला. ओडेसाने शिडीला हात घातला, दोन पायऱ्या चढली आणि परत उतरली.

"थर्मन, मागे हो," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली तर तो दचकेल म्हणून. "मागे सरक. ऐकतोयस ना?"

तो काहीतरी पुटपुटत होता. त्याने पत्र्यावर हाताची थाप मारली.

"पत्रा," थर्मन म्हणाला.

ओडेसाने माझा दंड धरला. नखं रुतली.

तो थोडा पुढे झुकला. त्याने पत्र्याचा सांधा बोटाने खरवडला. "डांबर." मग कडेच्या खिळ्यावर बोट ठेवलं. बराच वेळ. मान हलवली, परत ठेवलं. "खि... खिळा." आणि धुराड्याकडे हात करून, "वीट. वीट. वीट."

ऑर्विल येऊन दोर घेऊन वर चढेपर्यंत तो तसाच एकेक वस्तू हात लावून बोलत होता, काही चुकत, काही अडत. ऑर्विलने त्याच्या कमरेला दोर बांधला तेव्हा थर्मन त्याच्याकडे बघून म्हणाला, "ऑ... ऑर्विल." आणि तो दांडगा माणूस तिथेच छपरावर मटकन बसला.

खाली आल्यावर ओडेसाने नवऱ्याला मिठी वगैरे मारली नाही. तिने त्याला असं काही झापलं की तीन घरं पलीकडच्या खिडक्या उघडल्या. "मरायचंय का तुला? मला मारायचंय?" मग ती आत गेली आणि बाथरूमचं दार लावून घेतलं.

मिस रेनीने मात्र ते ऐकून चित्रांचे पत्ते पिशवीत टाकले आणि ऑर्विलची अवजारांची पेटी टेबलावर आणायला लावली. त्या पेटीतून थर्मनची नावं परत आली. आधी कर्णी, हातोडी, पाना. मग पेटीबाहेरची. कप, चावी, ओडेसा. माझं नाव हिवाळ्यात आलं आणि ते त्याने "शैला" असं नीट उच्चारलं, जे या गल्लीत कुणी कधी उच्चारलं नव्हतं.

छपरावर चढणं संपलं. ऑर्विल वर काम करतो आणि थर्मन खाली फुटपाथवर खुर्ची टाकून बोटाने दाखवतो, रागावतो. बोलणं संथ झालंय, लांबलचक वाक्यात मध्येच वाट चुकतो. जॉन म्हणायला तो बरेच महिने धजला नाही. त्यालाही बहुधा तीच भीती असावी. मग एक दिवस जेवताना सहज निघून गेलं. "ते जॉन दे."

"कुठलं जॉन?" ओडेसाने विचारलं. हसत नव्हती.

"मिरपूड," थर्मन म्हणाला.

तेव्हापासून तोच नियम. तो जॉन म्हणाला की ती विचारते, आणि त्याने लगेच नाव सांगायचं. दिवसातून कितीही वेळा असो. तो वैतागतो. म्हणतो, "तुला दिसतंय ना, बाई, कुठलं ते!" दिसत असतं. तरी ती विचारते, आणि उत्तर येईपर्यंत तिच्या हातातलं काम थांबलेलं असतं.

परवा मी त्यांच्याकडे बसले होते. थर्मन म्हणाला, "शैला, ते जॉन सरकव इकडे."

"कुठलं जॉन?" ओडेसा सिंकपासून म्हणाली.

उत्तर आलं नाही. ओडेसाच्या हातातलं भांडं सिंकमध्ये पडलं. ती वळली, धावत आली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तोंडाची कड बघितली, उजवा हात उचलला. थर्मनने गाल फुगवून तिच्याकडे पाहिलं. तोंडात प्रेट्झलचा, त्या जाड खारट पावाचा, घास होता. तो त्याने कसाबसा गिळला.

"मोहरी," तो म्हणाला. "मोहरीच्या सॉसची बाटली. चावू तरी दे!"

आणि तो हसू लागला. मीही हसले. ओडेसा नाही हसली. ती तिथेच खुर्चीवर बसली, ओले हात ॲप्रनला पुसत, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.